६३९ वर्षांची मैफल

५ फेब्रुवारी २०२४ रोजी जर्मनीतल्या हाल्बरश्टाट गावच्या एका जुन्या, ओक्याबोक्या चर्चमध्ये देशोदेशींची माणसे दाटीवाटीने उभी होती. भिंतींना गिलावा नाही, बसायला बाके नाहीत, बाहेर कडाक्याची थंडी. ठरल्या वेळी तिथल्या एका छोट्याशा ऑर्गनमध्ये एक नळी बसवण्यात आली आणि आधीपासून चाललेल्या सुरांत आणखी एका सुराची भर पडली. एवढेच! याआधीचा बदल ५ फेब्रुवारी २०२२ रोजी झाला होता, आणि यानंतरच्या बदलासाठी नेमलेली तारीख आहे ५ ऑगस्ट २०२६. मधल्या काळात तोच सुरांचा गुच्छ, दिवसरात्र, अखंड. ही मैफल सुरू झाली ५ सप्टेंबर २००१ रोजी आणि संपणार आहे २६४० साली. एकूण कालावधी ६३९ वर्षे.

अशी बातमी आपल्याकडे छापून येते ती 'जगावेगळे' छापाच्या चौकटीत, तीन हात लांब नखे वाढवणाऱ्या गृहस्थांच्या शेजारी. मीही ती प्रथम तशीच वाचली आणि पान उलटले. पण रचनाकाराचे नाव जॉन केज होते, आणि या नावाशी माझे एक जुने, न मिटलेले भांडण आहे. त्याविषयी आज लिहायचे आहे.

केज यांचा जन्म ५ सप्टेंबर १९१२ चा, लॉस एंजेलिसचा. मृत्यू १२ ऑगस्ट १९९२ रोजी न्यूयॉर्कमध्ये. वडील संशोधक, पाणबुडीच्या नव्या नमुन्यांवर डोके चालवणारे. मुलाने ऐंशी वर्षांच्या आयुष्यात काय केले नाही? पियानोसाठी लिहिले, खेळण्यातल्या पियानोसाठी लिहिले, बारा रेडिओंसाठी लिहिले. ध्वनिफितींचे शेकडो तुकडे कापून जोडले, आकाशातल्या ताऱ्यांच्या नकाशांवर कागद ठेवून स्वरलिपी उतरवली, ऑपेरा लिहिले, कविता केल्या, चित्रे काढली. मर्स कनिंगहॅम या नर्तकाच्या कंपनीचे संगीत अनेक दशके सांभाळले. शिवाय अळंब्यांचे ते पट्टीचे जाणकार. १९५९ मध्ये इटलीच्या दूरचित्रवाणीवरच्या प्रश्नमंजूषेत अळंबी हा विषय घेऊन ते उतरले, शेवटच्या प्रश्नाला पांढऱ्या बीजाणूंच्या चोवीस जाती त्यांनी वर्णानुक्रमे सांगितल्या आणि पन्नास लाख लिरा जिंकले. त्या पैशांतून स्वतःसाठी एक पियानो आणि कनिंगहॅम यांच्या कंपनीसाठी एक फोक्सवॅगन बस आली.

मात्र सामान्य वाचकाला केज ठाऊक असतात ते एकाच गोष्टीसाठी: 'चार मिनिटे तेहतीस सेकंद' ही रचना, जिच्यात वादकाने काहीही वाजवायचे नसते. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळच्या एका लाकडी सभागृहात डेव्हिड ट्यूडर हा पियानोवादक पियानोपुढे बसला. रचनेचे तीन भाग. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्याने झाकण लावले, शेवटी उघडले, घड्याळ पाहिले आणि उठला. श्रोते संतापले. केज नंतर सांगत, की पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू येत होता, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब वाजू लागले आणि तिसऱ्यात लोकांचेच नाना आवाज, कुजबुजण्याचे आणि उठून चालते होण्याचे.

या रचनेवर विनोद करणे फार सोपे आहे आणि सत्तर वर्षे ते होत आले आहेत. २००२ मध्ये माइक बॅट नावाच्या ब्रिटिश संगीतकाराने आपल्या एका अल्बममध्ये एक मिनिटाची शांतता घातली आणि रचनाकार म्हणून 'बॅट/केज' अशी नावे दिली. मग स्वामित्वहक्काचा वाद, सहा आकडी तडजोडीच्या बातम्या! पुढे २०१० मध्ये बॅट यांनीच खुलासा केला, की बराचसा भाग प्रसिद्धीचा खेळ होता, प्रत्यक्षात हजार पौंडांची देणगी दिली होती. असो.

गंमत अशी, की या शांततेच्या मागे एक भारतीय स्त्री उभी आहे, आणि ते आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही. अहमदाबादच्या साराभाई घराण्यातल्या गीता साराभाई, विक्रम साराभाईंच्या भगिनी, १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. स्त्रिया पखवाजाला हात लावत नसत अशा काळात त्या पखवाज शिकल्या होत्या. पाश्चात्त्य संगीताचा भारतीय संगीतावर जो परिणाम होऊ लागला होता त्याची त्यांना काळजी वाटत होती, म्हणून ते संगीत मुळातून समजून घ्यावे हा हेतू. केज यांच्याशी गाठ पडली आणि सौदा ठरला: केज त्यांना पाश्चात्त्य पद्धतीची स्वररचना शिकवणार, त्या केजना भारतीय संगीत शिकवणार, फी कोणीच घ्यायची नाही. सुमारे सहा महिने हे चालले.

केज तेव्हा कठीण अवस्थेत होते. लग्न मोडले होते. त्याहून वाईट म्हणजे संगीतावरचा विश्वास डळमळला होता. आपण दुःखाचे काहीतरी लिहावे आणि लोकांनी हसावे, असे होऊ लागले होते. संगीत म्हणजे मनातल्या भावना दुसऱ्याला पोचवणे, ही व्याख्या त्यांच्यापुरती निकालात निघाली होती. मग लिहायचे कशासाठी? त्यांनी गीताबेनना विचारले, तुमच्या गुरूंनी संगीताचे प्रयोजन काय सांगितले? उत्तर मिळाले, की मन निवळावे, शांत व्हावे आणि दैवी प्रभावाला ग्रहणशील व्हावे, यासाठी संगीत. निघताना गीताबेननी त्यांना श्रीरामकृष्णांच्या संवादांचा इंग्रजी ग्रंथ भेट दिला. पुढे केज यांच्या एका संगीतकार मित्राला सतराव्या शतकातल्या एका इंग्रज संगीतकाराच्या लिखाणात जवळपास हेच विधान सापडले, तेव्हा केजना फार आनंद झाला. पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे एकच उत्तर! ते उत्तर त्यांनी जन्मभर उगाळले.

त्याचे पहिले फळ 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स', १९४६ ते १९४८ या काळातले. ज्याला केज आवडत नाहीत त्याने इथून सुरुवात करावी. या पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे खुपसलेले असतात. ही युक्ती त्यांना काही वर्षांपूर्वी सिॲटलला सुचली होती. एका नृत्यासाठी तालवाद्ये हवी होती आणि रंगमंचावर जागा होती फक्त एका पियानोपुरती, तेव्हा त्यांनी पियानोचीच तालवाद्ये करून टाकली. या रचनेत पंचेचाळीस सुरांच्या तारा अशा 'सजवलेल्या' आहेत. ऐकताना कधी जलतरंग वाटतो, कधी काशाची वाटी, कधी दूरवर कोणीतरी हलक्या हाताने खंजिरी वाजवते आहे असे. आणि आधार आहे तो आपल्या नवरसांचा. आनंद कुमारस्वामी यांच्या पुस्तकांतून रससिद्धान्त केजपर्यंत पोचला होता. आठ स्थायी भाव आणि त्या सर्वांचा ओढा ज्याच्याकडे तो नववा शांत रस. कोणत्या तुकड्यात कोणता रस हे त्यांनी सांगितलेले नाही. सांगितले नाही हेच बरे. मी पहिल्यांदा ही ध्वनिमुद्रिका ऐकली ती रसांची यादी हातात घेऊन, परीक्षेला बसल्यासारखी, आणि काहीच ऐकू आले नाही. दुसऱ्यांदा नुसती ऐकली.

इथपर्यंत माझे आणि केज यांचे जमते. भांडण सुरू होते ते १९५१ पासून.

त्या वर्षी त्यांनी 'म्युझिक ऑफ चेंजेस' लिहिले. लिहिले म्हणण्यापेक्षा नाण्यांनी ठरवले. चिनी 'यी चिंग' या प्राचीन ग्रंथात चौसष्ट आकृत्या आहेत. तीन नाणी सहा वेळा उडवली की त्यांपैकी एक निघते. कोणता सूर, किती लांब, किती जोरात, केव्हा थांबायचे, सारे या कौलावर. आपली आवडनिवड रचनेत येऊच द्यायची नाही! शांत मनाच्या आड येतो तो अहंकार, अहंकार म्हणजे आवडनिवड. तेव्हा तिलाच काढून टाका, असा त्यांचा हिशेब. शांततेची ती प्रसिद्ध रचना याच हिशेबाची पुढची पायरी. त्याआधी हार्वर्डमधल्या ध्वनिरोधक खोलीत ते गेले होते. तिथेही त्यांना दोन आवाज ऐकू आले, एक बारीक आणि एक खर्जातला. तिथल्या तंत्रज्ञाने सांगितले, की पहिला तुमच्या मज्जासंस्थेचा आणि दुसरा रक्ताभिसरणाचा. तेव्हा निखळ शांतता अशी नसतेच. आपण मुद्दाम केलेले आवाज असतात आणि मुद्दाम न केलेले असतात. त्या दुसऱ्यांकडे कान वळवा, एवढेच त्यांचे म्हणणे.

एका रविवारी दुपारी मी हा प्रयोग घरी केला. सर्वांना दिवाणखान्यात बसवले, घड्याळ समोर ठेवले. पंखा, खालच्या मजल्यावरच्या मिक्सरचा आवाज, कुणाची तरी स्कूटर सुरू होता होता न होणारी, एक भारद्वाज. तिसऱ्या मिनिटाला "अहो, झालं का तुमचं? दूध उतू जाईल" असा आवाज आला, आणि केज यांच्या मताप्रमाणे तोही रचनेचाच भाग होता. प्रयोग फसला असे मी म्हणणार नाही. त्या भारद्वाजाचा घुमारा मला त्यानंतर रोज ऐकू येऊ लागला. आमच्या मागच्या झाडावर तो कित्येक वर्षे असावा.

पण प्रश्न राहतोच. गीताबेननी जे उत्तर दिले ते कुठल्या परंपरेतून आले होते? तिथे मन शांत होते ते रागाच्या बांधणीतून, तालाच्या आवर्तनातून, वर्षानुवर्षांच्या तालमीतून. गाणाऱ्याची आवडनिवड तिथे पुसली जात नाही, घासून घासून लख्ख केली जाते. एकच राग दोन गवई गातात तेव्हा आपण दोन वेगळे राग ऐकल्यासारखे घरी जातो. केज यांनी उत्तरातली शांतता घेतली आणि तिच्याकडे जाणारा रस्ता सोडून दिला. उत्स्फूर्त वादनाविषयी तर ते बराच काळ नाखूष होते, कारण वादक उत्स्फूर्तपणे वाजवू लागला की स्वतःच्या सवयीच वाजवतो. यात तथ्य आहे. ठरीव ताना ऐकलेल्या कोणालाही ते पटेल. तरी त्यावरचा उपाय नाणेफेक असावा, हे माझ्या गळी उतरत नाही. त्यांच्या त्या काळातल्या पुष्कळ रचना वाचायला जितक्या रोचक आहेत तितक्या ऐकायला नाहीत, हेही सांगून टाकतो.

आणि नाण्याने दिलेली मोकळीक माणसांच्या हातात गेली की काय होते? फेब्रुवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या पुढाकाराने केज यांची, ताऱ्यांच्या नकाशावरून लिहिलेली 'ॲटलस एक्लिप्टिकॅलिस' सादर केली. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र मायक्रोफोन होता. केज यांच्या सांगण्यानुसार काही वादकांनी भलतेच सूर वाजवले, मायक्रोफोनमध्ये शिट्ट्या घातल्या, काहींनी तर उपकरणांचीच मोडतोड केली. श्रोते उठून गेले ते वेगळेच. जगातल्या नामांकित वाद्यवृंदांपैकी एकातले हे लोक! केज यांना याचा जिव्हारी लागेल असा धक्का बसला. तुम्ही काहीही करा असे मी म्हटले नव्हते, असे ते पुढे सांगत राहिले. त्यांच्या संहिता पाहिल्या तर हे खरेच आहे. त्या काटेकोर असतात, नियमांनी भरलेल्या असतात, आणि त्या नियमांत राहण्यासाठी वादकाला विलक्षण शिस्त लागते. ट्यूडरसारख्यांकडे ती होती. म्हणजे तालीम टळली नाहीच. एका दारातून घालवलेली साधना दुसऱ्या दाराने घरात आली.

हे सारे मी भूतकाळ म्हणून लिहीत होतो, तोवर मला आपल्या घरातल्या मोबाइलची आठवण झाली. आज गाणे ऐकायचे तर शोधावे लागत नाही. काल काय ऐकले, कुठे मध्येच थांबलो, कोणते पुन्हा लावले, याची नोंद यंत्राकडे असते आणि एक गाणे संपताच त्याच्याच पठडीतले दुसरे सुरू होते. पूर्वी रेडिओवर नाट्यसंगीताची वाट पाहताना मध्ये काहीबाही कानांवर पडे. नको असलेले, न कळणारे, आणि त्यातलेच एखादे जन्मभर पुरणारे. आता यंत्र आपली आवड शिकते आणि तीच आपल्याला पुन्हा पुन्हा वाढते. अलीकडे तर दोन ओळींत मागणी नोंदवली की हवे तसे गाणे यंत्रच तयार करून देते.

केजनाही संगणकाचे वावडे नव्हते. १९६७ ते १९६९ या काळात इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर या संगीतकाराबरोबर त्यांनी संगणकावर यी चिंगचे कौल काढून 'एचपीएससीएचडी' रचली: सात हार्पसिकॉर्ड, कित्येक ध्वनिफिती, प्रक्षेपक, पडदे, आणि हजारो माणसे तासन्‌तास त्या गदारोळात हिंडत असलेली. पण यंत्राकडून त्यांनी मागितले ते नेमके उलटे. मला जे सुचणार नाही, मला जे आवडेल की नाही ठाऊक नाही, ते दे. साठ वर्षांपूर्वी मी त्यांच्याशी वाद घातला असता. आज, माझ्याच आवडीच्या पाचशे गाण्यांत कोंडला गेलेला असताना, त्या मागणीला मी हसू शकत नाही. नाणेफेक मला अजूनही उपाय वाटत नाही. त्यांनी ओळखलेला रोग मात्र खरा निघाला.

गीताबेनचा आणि त्यांचा संबंध टिकला. १९६४ च्या जगदौऱ्यात कनिंगहॅम यांची कंपनी अहमदाबादलाही आली, साराभाईंच्या आतिथ्याने. १९६९ मध्ये, शांततेची रचना पहिल्यांदा सादर करणारा तोच डेव्हिड ट्यूडर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आला आणि त्याने तिथे मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर प्रयोग केले. देशातले हे अगदी सुरुवातीचे इलेक्ट्रॉनिक संगीत, १९७२ पर्यंतचे. मग ते थांबले, फिती कपाटात पडून राहिल्या, आणि त्यांतली निवड ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने बाहेर आली ती थेट २०२३ मध्ये. पन्नास वर्षे! आपल्या देशात जुन्या ध्वनिफिती कशा राहतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या वाचल्या याचेच नवल वाटेल.

म्हणून हाल्बरश्टाटच्या त्या चर्चकडे परत वळतो. मूळ रचना १९८७ ची, ऑर्गनसाठीची. तिच्यावर सूचना एवढीच, की शक्य तितकी सावकाश वाजवा. माणूस वाजवू लागला तर अर्ध्या तासात संपते. केज गेल्यावर पाच वर्षांनी, १९९७ मध्ये, जर्मनीत ऑर्गनवादक आणि अभ्यासक जमले असताना प्रश्न निघाला, की शक्य तितकी म्हणजे किती? ऑर्गनला दम लागत नाही. भात्याला हवा मिळत राहिली तर सूर कितीही टिकेल. मग हाल्बरश्टाटच्या कॅथेड्रलमधला १३६१ सालचा प्रसिद्ध ऑर्गन आठवला. १३६१ ते २००० झाली ६३९ वर्षे, तेवढीच पुढे मोजली. जागा मिळाली सेंट बुर्खार्डी चर्चची, जिथे पूर्वी कोठार होते, दारूची भट्टी होती आणि पूर्व जर्मनीच्या काळात डुकरे बांधली जात. रचनेच्या आरंभी विश्रांती असल्याने पहिले सतरा महिने नुसता भात्याचा श्वास ऐकू येत होता. पहिला सूर उमटला ५ फेब्रुवारी २००३ रोजी. पट्ट्या दाबून ठेवायला वाळूच्या लहान पिशव्या टांगल्या आहेत. आवाजाची तक्रार आली म्हणून ऑर्गनभोवती पारदर्शक पेटी करावी लागली. ५ ऑक्टोबर २०१३ ते ५ सप्टेंबर २०२० या जवळजवळ सात वर्षांत एकही बदल झाला नाही, तरी कोणीतरी रोज दार उघडत होते.

आवडनिवड आणि इच्छा यांना रजा देणाऱ्या माणसाची ही रचना, आणि ती चालते ती निव्वळ इच्छेवर. गावातली मंडळी, स्वयंसेवक, देणग्या. हजार-बाराशे युरो दिले की एक वर्ष आपल्या नावावर होते आणि त्या सालाची धातूची पट्टी भिंतीवर लागते. कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ, कुणी मुलाच्या जन्माची खूण म्हणून. त्यांत पुढल्या शतकांतली वर्षेही आहेत, घेणाऱ्याला कधीच न दिसणारी.

तिथे जाऊन आलेल्यांनी काढलेले एक ध्वनिमुद्रण मी ऐकले आहे. सुरांचा तो गुच्छ बराच वेळ तसाच राहतो. मग लक्षात येते, की ऐकणारा दोन पावले सरकला की सुरांचा तोल बदलतो, एक पुढे येतो, दुसरा मागे जातो. तानपुऱ्याच्या जवळ बसून ज्यांनी जुळवलेल्या तारा नुसत्या ऐकल्या आहेत त्यांना हा अनुभव नवा वाटणार नाही. ध्वनिमुद्रण सात मिनिटांचे होते. संपले तेव्हा मी ते पुन्हा लावले, आणि यंत्राने पुढचे गाणे सुरू करण्याआधी ते बंद केले.